चित्र हललं की वाचन थांबतं

व्हिज्युअल नॉव्हेल करायला बसलेल्या नवख्या मंडळींशी बोलून पाहा. कथा अजून अर्धीमुर्धी असते, पात्रांची नावंही ठरलेली नसतात, पण एक गोष्ट पक्की असते: शेवटी शेवटी सिनेमासारखा एक कटसीन हवा. कॅमेरा वरून खाली येणार, पाऊस पडणार, नायिकेचे केस उडणार, संगीत चढत जाणार. या हौसेला नाक मुरडायचं कारण नाही. सिनेमा पाहत वाढलेल्या माणसाला मोठा प्रसंग सिनेमासारखाच सुचणार. माझी तक्रार त्यापुढच्या समजुतीबद्दल आहे. कटसीन ही वरची सजावट आहे, परवडली तर करावी, नाही तर राहू द्यावी, असं धरून चाललं जातं. खरं तर कटसीन वाचकाकडून एक मोठी गोष्ट काढून घेतो: वेळेवरचा ताबा. तो कशाच्या बदल्यात घेतला, हे बनवणाऱ्याला सांगता आलं पाहिजे. बहुतेकांना ते सांगता येत नाही, आणि म्हणून बहुतेक कटसीन नसते तर बरं झालं असतं, असं माझं मत आहे.

ज्यांनी हा प्रकार कधी खेळला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पडद्यावर एक पार्श्वभूमी, तिच्यावर कमरेपर्यंत दिसणारं पात्र, खाली मजकुराची चौकट. एक वाक्य उमटतं, वाचक टिचकी मारतो, पुढचं उमटतं. मधूनच निवड करावी लागते: खरं सांगायचं की लपवायचं, हिच्याबरोबर जायचं की तिच्याबरोबर. त्याप्रमाणे कथेला फाटे फुटतात. युजी होरीई यांचा 1983 चा 'पोर्टोपिया' हा खुनाच्या तपासाचा खेळ या घराण्याचा पूर्वज मानला जातो. 1992 मध्ये चुनसॉफ्ट या कंपनीने 'ओतोगिरिसो' काढला आणि त्याला 'साउंड नॉव्हेल' म्हटलं. चार वर्षांनी लीफ या कंपनीने 'शिझुकु'पासून सुरू केलेल्या आपल्या मालिकेला 'व्हिज्युअल नॉव्हेल' हे नाव दिलं, आणि पुढे ते सगळ्या प्रकारालाच चिकटलं.

चित्रं स्थिर राहिली ती आधी नाइलाजाने. त्या काळच्या संगणकांची मेमरी तोकडी, रंग मोजके, आणि फ्लॉपीवर मावेल तेवढंच द्यायचं. पण अडचणीतून आलेल्या सवयीचा पुढे स्वभाव होतो, तसं इथे झालं. चुनसॉफ्टने 1994 च्या 'कामाइताची नो योरु'मध्ये बर्फात अडकलेल्या लॉजमधली माणसं नुसत्या निळ्या छायाकृतींनी दाखवली. चेहरे नाहीत. खुनी कोण, हे वाचताना प्रत्येक छायेला आपणच चेहरा देत जातो आणि आपणच घाबरतो. 2002 पासून र्‍युकिशी07 या लेखकाने 'हिगुराशी'चे भाग कॉमिकेट या हौशी प्रकाशनांच्या बाजारात विकायला सुरुवात केली. त्यातली माणसांची चित्रं इतकी ओबडधोबड की पहिल्या तासाभरात हसू यावं. पण उन्हाळ्यातल्या खेड्यात किरकिरणाऱ्या सिकाडांचा आवाज एकाएकी थांबतो, मजकुराच्या चौकटीत एकच ओळ उरते, आणि हसू जागच्या जागी विरतं. तिथे चित्रपटाचं काम आवाजाने आणि थांबण्याने केलं आहे.

हे थांबणं कुणाच्या हातात असतं, यावर सगळं अवलंबून आहे. जपानमध्ये याचा एक जुना मासला सापडतो. 1930 च्या दशकात तोक्योच्या गल्ल्यांमध्ये सायकलवर लाकडी चौकट बांधून कामिशिबाईवाले हिंडायचे. आधी पोरांना गोळ्या-मिठाई विकायची, मग चौकटीत चित्रांचे पुठ्ठे सरकवून गोष्ट सांगायची. सगळं कसब पुठ्ठा ओढण्यात. सावकाश ओढायचा, झटक्यात ओढायचा, की अर्ध्यावर थांबवून पुढच्या चित्राची नुसती कड दाखवायची. आपल्याकडे कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाने जपलेली चित्रकथी ज्यांनी पाहिली आहे त्यांना यात नवल वाटणार नाही. तिथेही चित्रांच्या पोथीचं पान केव्हा उलटायचं ते सांगणारा ठरवतो. व्हिज्युअल नॉव्हेलने या जुन्या खेळात एकच बदल केला, पण मुळावरचा केला. पुठ्ठा ओढण्याचा अधिकार तिने सांगणाऱ्याकडून काढून ऐकणाऱ्याला दिला. लेखकाने वाक्यं कितीही घासूनपुसून लिहिली असोत, दोन वाक्यांमधला अवकाश वाचकाचा. नायिका म्हणाली, "मला तुझ्याशी बोलायचंय." यानंतर पाच सेकंद थांबायचं की लगेच टिचकी मारायची, हे ज्याचं तो ठरवतो, आणि त्या पाच सेकंदांत जे मनात येतं त्याला लेखकाने एक ओळही लिहिलेली नसते.

आता कटसीन. खेळांच्या जगात याची सुरुवात गमतीने झाली. 1980 च्या 'पॅक-मॅन'मध्ये काही टप्प्यांनंतर पॅक-मॅन आणि भुतांचा छोटा विनोदी पाठलाग दिसायचा, खेळणाऱ्याच्या मनगटाला जरा विसावा. 1987 मध्ये 'मेनियाक मॅन्शन' करताना रॉन गिल्बर्ट यांनी अशा मधल्या दृश्यांना कटसीन म्हटलं आणि तोच शब्द रूढ झाला. पुढे 'फायनल फॅन्टसी 7'ने 1997 मध्ये डिस्कच्या डिस्क चित्रफितींनी भरल्या, आणि लगेच दुसऱ्या वर्षी 'हाफ-लाइफ'ने उलटी भूमिका घेतली: खेळणाऱ्याच्या हातातून नियंत्रण घ्यायचंच नाही, जे घडायचं ते त्याच्या डोळ्यांदेखत, तो हिंडताफिरता असताना घडेल. तेव्हापासून हा वाद चालू आहे. पण तो मारधाडीच्या आणि धावपळीच्या खेळांपुरता आहे. तिथे कटसीन हातांना थांबवतो. धावणं, उडी मारणं, गोळी झाडणं बंद, आता बघा. त्यात एक सोयही असते, कारण हात खरोखर दमलेले असतात.

व्हिज्युअल नॉव्हेलमध्ये हात दमलेले नसतातच. तिथे थांबतं ते वाचन, आणि वाचनाबरोबर तीन गोष्टी जातात. एक तर वेग: आवडलेल्या वाक्यावर रेंगाळता येत नाही. दुसरं, मागे जाणं: माउसचं चाक फिरवून मागची ओळ पुन्हा वाचायची सवय झालेली असते, ती व्हिडिओपुढे चालत नाही आणि तिथले संवाद मागच्या ओळींच्या यादीत, म्हणजे बॅकलॉगमध्येही बहुधा उतरत नाहीत. तिसरी गोष्ट मला सर्वांत मोठी वाटते. या कथा बहुतेक प्रथमपुरुषी असतात. तासन्‌तास आपण एका माणसाच्या डोक्यात बसून जग पाहत असतो. व्हिडिओ सुरू झाला की आपण त्याच्या डोक्यातून बाहेर फेकले जातो आणि तो समोर दिसू लागतो, इतरांसारखाच एक. म्हणजे कथेच्या सर्वांत मोठ्या क्षणी निवेदक गप्प. हौसेने टाकलेल्या कटसीनमध्ये ही चूक कुणाच्या ध्यानातही येत नाही, कारण चित्र सुंदर असतं.

याची परीक्षा एका गाजलेल्या कथेवर झालेली आहे. 'स्टाइन्स;गेट' 2009 मध्ये आला. अकिहाबारातल्या एका जुन्या इमारतीत ओकाबे रिंतारो हा कॉलेजचा मुलगा स्वतःला वेडा शास्त्रज्ञ म्हणवून घेतो. त्याचा मायक्रोवेव्ह आणि मोबाइल मिळून भूतकाळात संदेश धाडू लागतात, आणि मग केलेलं निस्तरताना त्याचे हाल होतात. वरवर तो खदाखदा हसत मोठमोठ्या बाता मारतो. आत तो घाबरलेला, थकलेला, एकाच दिवसात पुन्हा पुन्हा अडकलेला. वाचकाला दोन्ही आवाज एकाच वेळी ऐकू येतात, त्यातच या कथेचा जीव आहे. 2011 मध्ये तिच्यावर टीव्हीसाठी ॲनिमे मालिका झाली आणि ती चांगली झाली. मालिकेच्या दिग्दर्शकांनी प्रेक्षकाचा वेळ आपल्या हातात आहे हे गृहीत धरून कथा नव्याने कापली. आतला आवाज गेला तर तो चेहऱ्यात, शांततेत, रंग उडालेल्या उन्हाळ्यात शोधला. मग 2018 मध्ये 'स्टाइन्स;गेट एलिट' आला. मालिकेतलीच दृश्यं घेऊन, जिथे नव्हती तिथे नवी करून, संपूर्ण व्हिज्युअल नॉव्हेल हलत्या चित्रांनी बांधली. कागदावर हे दोन्हींचं भलं वाटतं. हातात घेतल्यावर कळतं की दोन्हींकडून उणं आलं. आतल्या निवेदनाचा मोठा भाग गळाला, कारण हलत्या चित्राला तेवढा वेळ वाट बघत ठेवता येत नाही; आणि सिनेमाची लयही साधली नाही, कारण प्रत्येक संवादापाशी वाचकाच्या टिचकीसाठी चित्राला अडखळावं लागतं. पैसा वाढला, कष्ट वाढले, आणि 2009 च्या त्या जवळजवळ न हलणाऱ्या खेळाइतकं काही अंगावर आलं नाही.

याउलट एक उदाहरण आहे ते मला खिलाडूपणे मान्य करावं लागेल. 2005 चा 'स्कूल डेज' पहिल्यापासून शेवटपर्यंत ॲनिमेशनमध्ये आहे. कथा भडक आहे, काही शेवट तर रक्तरंजित, आणि ती मला आवडते असं मी म्हणणार नाही. पण बनवणाऱ्यांनी एक गोष्ट नीट ओळखली होती. चित्र धावतंय तर निवडही धावत्या काळातच व्हायला हवी. म्हणून प्रश्न पडद्यावर येतो, थोडा वेळ थांबतो, आणि निघून जातो. उत्तर दिलं नाही तर न बोलणं हेच उत्तर धरलं जातं. दोन मुलींमध्ये झुलणाऱ्या, कधीच वेळेवर तोंड न उघडणाऱ्या नायकाच्या कथेत हे चपखल बसतं. इथे वेळ काढून घेण्याला कारण होतं आणि ते कथेतून आलेलं होतं. असा विचार केलेला असेल तर सगळा खेळ हलता करा, माझी हरकत नाही. हरकत आहे ती वीस तास वाचायला लावून एकविसाव्या तासाला माणसाला खुर्चीत बांधून सिनेमा दाखवण्याला.

सिनेमावाल्यांना स्थिर चित्राची ताकद ठाऊक नव्हती असं नाही. क्रिस मार्कर यांचा 1962 चा 'ला जेते' हा सुमारे अठ्ठावीस मिनिटांचा चित्रपट जवळजवळ पूर्णपणे स्थिर छायाचित्रांचा आहे. निवेदकाचा आवाज चालू, छायाचित्रं एकामागून एक. मध्येच एका ठिकाणी झोपेतून जागी होणारी बाई डोळे उघडते. तेवढं एकच दृश्य हलतं. काही सेकंदांच्या त्या उघडझापीने जे होतं ते तासभर हलणाऱ्या चित्रांनी होत नाही, कारण तोवर आपण हालचाल विसरून गेलेले असतो. जपानी ॲनिमेत ओसामु देझाकी यांनी याची दुसरी बाजू वापरली. 1970 च्या 'आशिता नो जो'पासून ते मोठ्या क्षणी हलतं चित्र अचानक गोठवत आणि त्याच्या जागी खडूने, जलरंगांनी रंगवल्यासारखं एक स्थिर चित्र ठेवत. चाहते त्याला पोस्टकार्ड म्हणतात. गंमत बघा: हलण्याची सगळी साधनं ज्याच्या हाताशी आहेत तो दिग्दर्शक शिखरावर पोचल्यावर चित्र थांबवतो, आणि थांबलेलं चित्र हा ज्यांचा पिढीजात हक्क ते व्हिज्युअल नॉव्हेलवाले शिखरावर पोचल्यावर ते हलवायला धावतात.

मग या प्रकारात सिनेमासारखं काही करायचंच नाही का? करायचं की. फक्त त्यासाठी व्हिडिओ लागतो हा समज सोडायचा. 2001 मध्ये गेम बॉय ॲडव्हान्सच्या तळहाताएवढ्या पडद्यावर शु ताकुमी यांचा 'एस ॲटर्नी' आला. कोर्टातले साक्षीदार आणि वकील म्हणजे मोजक्या फ्रेमची छोटी चित्रं, म्हणजे स्प्राइट. पण साक्षीतली विसंगती उघडी पडताना संगीत बंद होतं. अक्षरं टपटप उमटताना पुरुषांसाठी एक आणि बायकांसाठी वेगळा असा बारीक आवाज येत असतो, तोही थांबतो. मग पडदा उजळतो, हादरतो, आणि आक्षेपाचा तो प्रसिद्ध फुगा वकिलाच्या आरोळीसकट आदळतो. यात सिनेमातलं संकलन पुरेपूर आहे: आवाज आधी तोडणं, मग चित्र, मग शांतता. आणि हे सगळं सुरू होतं वाचकाच्या बोटाने, कारण पुरावा पुढे करणारा तोच. 2013 च्या 'ड्युअल डेस्टिनीज'मध्ये बोन्स या स्टुडिओने केलेली ॲनिमे दृश्यं आली. काम सुबक होतं. पण दहा-बारा वर्षं जी माणसं आरोळ्या सोडल्यास आपल्या मनातल्या आवाजात बोलत होती ती या दृश्यांमध्ये एकदम नटांच्या आवाजात बोलू लागली, आणि दृश्य संपताच पुन्हा मुकी झाली. ती शिवण मला प्रत्येक वेळी दिसते. मनातला आवाज हरवल्यावर तो परत यायला दोन-चार पानं जातात.

टाइप-मून या कंपनीचा 2012 चा 'माहोत्सुकाई नो योरु' तर याबाबतीत मुद्दाम अभ्यासावा असा आहे. त्यात पात्रं नेहमीच्या कमरेपर्यंतच्या साच्यात उभी केलेली नाहीत. लांबून, जवळून, पाठमोरी, वरच्या कोनातून अशी कितीतरी चित्रं आहेत, आणि ती शॉटसारखी रचलेली आहेत. टिचकीसरशी मजकूर पुढे जातो आणि त्याच टिचकीने कोनही बदलतो. म्हणजे कापणारा हात दिग्दर्शकाचा, पण कापण्याची वेळ वाचकाची. सिनेमा आणि कादंबरी यांचा याहून सचोटीचा करार मला दुसरीकडे सापडलेला नाही.

'डोकी डोकी लिटरेचर क्लब' (2017) मधला दार उघडण्याचा प्रसंग ज्यांनी वाचला आहे त्यांना तो आठवत असेल. ज्यांनी वाचला नाही त्यांच्यासाठी मी दारापलीकडे काय आहे ते फोडत नाही. सांगण्यासारखं इतकंच की तिथे व्हिडिओ नाही. दार उघडल्याचं वाक्य येतं, आणि पुढे जायला टिचकी मारावी लागते. वाचकाला अंदाज आलेला असतो, बोट थबकतं, आणि तरी दुसरा मार्ग नसल्याने तो टिचकी मारतो. हाच प्रसंग बनवणाऱ्यांनी चित्रफीत करून दाखवला असता तर वाचक एक भयानक गोष्ट पाहणारा निरपराध प्रेक्षक राहिला असता. टिचकीने तो त्यात सामील झाला. हे बळ सिनेमाला कितीही पैसा ओतून मिळत नाही, आणि आपण ते कटसीनच्या हौसेपायी फुकट सोडून देतो.

एवढं बोलल्यावर जिथे कटसीन सार्थ ठरतो ती जागाही दाखवायला हवी. 2010 चा 'डांगानरोन्पा' घ्या. एका शाळेत कोंडलेली मुलं, त्यांच्यात खून, आणि खून कुणी केला हे शोधणारा वर्गातला खटला. खटल्यात वाचकाचा हात सगळ्यात जास्त राबतो: विधानं हाणून पाडायची, दुवे जोडायचे, आरोप सिद्ध करायचा. गुन्हेगार सापडतो आणि मोनोकुमा हे अस्वल त्याला शिक्षा देतं, ती मात्र कटसीनमध्ये. भडक, सर्कशीसारखी, क्रूर. खटला जिंकलेल्या वाचकाला आता काहीही करता येत नाही, बघत राहावं लागतं, आणि ज्याला मरताना बघतोय त्याचा गुन्हा आपणच सिद्ध केलेला असतो. इथे ताबा काढून घेणं हाच अर्थ आहे. कथेतला माणूस हतबल होतो तेव्हा वाचकाला हतबल करायचा अधिकार लेखकाला मिळतो. माझी कसोटी एवढीच आहे आणि ती कडक आहे. प्रेमाची कबुली या कसोटीवर टिकत नाही, कारण तिथे नायक हतबल नसतो, उलट आयुष्यात पहिल्यांदा तो काहीतरी ठरवत असतो. तो क्षण वाचकाच्या बोटाखालीच हवा. आकाशातून उल्का पडणं, गाडी सुटणं, कुणाचं तरी अखेरचं दार बंद होणं या गोष्टी टिकतात.

दुसरी जागा वाचन सुरू होण्याच्या आधीची. 'किमि नो ना वा' या चित्रपटामुळे आपल्याकडेही परिचित झालेले माकोतो शिंकाई एके काळी मिनोरी या कंपनीच्या व्हिज्युअल नॉव्हेलसाठी ओपनिंग चित्रफिती करत. 2001 च्या 'बिटरस्वीट फूल्स'पासून 2006 च्या 'एफ: द फर्स्ट टेल'पर्यंत. ढग, रेल्वेचे रूळ, तारांवरून घसरणारा उजेड, पुढे त्यांच्या चित्रपटांत दिसलेलं बरंचसं तिथे आहे. या फिती जाहिरातीचंही काम करत, हे उघड आहे. पण त्या कुणाचं वाचन तोडत नाहीत. मजकूर हातात येण्याआधी, किंवा एक भाग संपून दुसरा सुरू होण्याआधी त्या येतात, तेव्हा वाचकाकडून काढून घेण्यासारखं काही नसतंच.

यावर एक आक्षेप हमखास घेतला जातो. आजचे वाचक मजकूर आपोआप पुढे सरकवणारा ऑटो मोड लावून, नटांच्या आवाजात ऐकत बसतात. त्यांनी वेळ आधीच सोडून दिलेला असतो, मग कटसीनने काय बिघडतं? बिघडतं असं की ऑटो मोड वाचकाने स्वतः लावलेला असतो आणि एका टिचकीने तो बंद होतो. नटाचं वाक्य कंटाळवाणं वाटलं तर तेही अर्ध्यात तोडता येतं. उसना दिलेला वेळ आणि काढून घेतलेला वेळ यांची गल्लत करू नये.

आता प्रत्यक्ष हाताळणीबद्दल थोडं, कारण या विषयावर चर्चा झाली की ती भावनेवर सुरू होते आणि भावनेवर संपते. हौशी निर्मात्यांमध्ये पुष्कळ वापरलं जाणारं एक इंजिन म्हणजे रेनपाय, 2004 पासून फुकट उपलब्ध असलेलं. त्यात चित्रफीत दाखवायची साधी आज्ञा आहे, आणि मुळात ती अशी केलेली आहे की वाचकाने टिचकी मारली की फीत बंद होते. हेतू चांगला. परिणाम असा की टिचक्या मारत वाचण्याच्या लयीत असलेल्या माणसाची एक टिचकी जास्त पडते आणि सहा महिने खपून केलेला कटसीन दुसऱ्या सेकंदाला नाहीसा होतो. उपाय सोपा आहे: फितीच्या आधी मजकुराची चौकट काढून टाकायची आणि पडदा क्षणभर रिकामा ठेवायचा, म्हणजे बोटाला कळतं. माझ्या मते व्हिज्युअल नॉव्हेलमधली सर्वांत सिनेमॅटिक युक्ती हीच आहे, ही चौकट काढून घेणं. तासन्‌तास पडद्याचा खालचा भाग झाकून बसलेली चौकट गेली की चित्र एकदम श्वास घेतं, आणि वाचक सावध होतो. पुष्कळदा त्यापुढे फितीची गरजच उरत नाही.

टिचकी चालूच नये असा सक्तीचा विरामही रेनपायमध्ये देता येतो. त्याच्या मार्गदर्शिकेत मात्र तो जपून वापरा असं बजावलेलं आहे, कारण वाचकाला सक्तीचा विराम आणि खेळ अडकून पडणं यांतला फरक कळत नाही. इंजिन लिहिणाऱ्याने हे कोरड्या तांत्रिक सूचनेच्या रूपात सांगितलं आहे. मला ते सगळ्या वादाचं सार वाटतं: कारण न देता वाचकाचा वेळ धरून ठेवला तर त्याला ती कला वाटत नाही, बिघाड वाटतो.

खर्चाचा हिशेब तर साधा गुणाकार आहे. टीव्हीच्या ॲनिमेत बचत करून काम केलं, म्हणजे एक चित्र तीन फ्रेम धरलं, तरी सेकंदाला आठ चित्रं लागतात. अर्ध्या मिनिटाला दोनशे चाळीस. तेवढ्या मेहनतीत दोन माणसांचा गट प्रसंगचित्रांचा, म्हणजे ज्यांना सगळे सीजी म्हणतात त्यांचा, अख्खा संच काढू शकतो, पात्रांचे हावभाव दुप्पट करू शकतो, किंवा कथेचा एखादा पूर्ण फाटा, म्हणजे रूट, आणखी लिहू शकतो. शिवाय हे खेळ एकदा वाचून ठेवायचे नसतात. दुसऱ्या नायिकेचा रूट घ्यायला माणूस पुन्हा सुरुवातीपासून निघतो, वाचलेला मजकूर स्किपने भराभर पळवतो, आणि मध्येच ती फीत आडवी येते. पहिल्या वेळी डोळ्यांत पाणी आणलेलं दृश्य चौथ्या वेळी अडथळा होतं. म्हणून उडवण्याची सोय पहिल्या वेळेपासूनच द्यावी, आणि ती टिचकीवर न ठेवता वेगळ्या, धरून ठेवायच्या बटणावर ठेवावी. पहिल्याच वेळी कुणी दृश्य उडवलं तर निर्मात्याला वाईट वाटेल, ते त्याने सोसावं.

मराठीत असा खेळ करू पाहणाऱ्यांना फितीबाबत सावध राहायला आणखी एक कारण आहे. देवनागरीची जोडाक्षरं आणि वेलांट्या जागच्या जागी बसवण्यासाठी जी जुळणी लागते ती रेनपायमध्ये पूर्वी नव्हती. 'स्त्री' लिहावं तर अक्षरं सुटी सुटी पडायची. त्यावर सोपी पळवाट एकच उरे, मजकूर चित्रातच किंवा फितीतच कोरून टाकणं. अलीकडच्या आवृत्त्यांत हार्फबझ ही जुळणीची यंत्रणा आली आणि ती अडचण बरीच सरली. फितीत कोरलेला संवाद दुरुस्त करता येत नाही, मोठ्या अक्षरात करता येत नाही, दुसऱ्या भाषेत नेताना फीतच नव्याने काढावी लागते, आणि ज्याला ऐकू येत नाही त्याच्यासाठी तो पुन्हा वाचायची सोय नसते. तेव्हा कटसीन करायचाच असं ठरलं तरी त्यातले शब्द फितीबाहेर ठेवा, इंजिनला ते चित्रावर उमटवू द्या, आणि बॅकलॉगमध्ये त्यांची नोंद होते आहे ना, ते तपासून घ्या.